न झालेला मुखत्यारनामा

अप्पा,

गेल्या मंगळवारी नांदेडच्या रजिस्ट्री ऑफिसात पंधरा-वीस माणसांसमोर आईने माझं हसं केलं. सत्तावीस वर्षं लातूरच्या कोर्टात उभी राहणारी मी, स्वतः तयार केलेला कागद आणि स्वतःची आई घेऊन गेले आणि कागद जसाच्या तसा परत घेऊन आले. तिथला कारकून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मी ओळखते. ऐन वेळी ज्याचा पक्षकार उलटला त्या वकिलाकडे आपणही तसंच बघतो. मला इतका राग आला होता की तो कुणावर तरी काढणं भाग होतं. आईवर काढला, तर तिने तो ऐकलाच नाही. म्हणजे खरोखरच ऐकू गेला नाही, ते पुढे सांगते. उरलात तुम्ही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली हे मला माहीत आहे, पण तेवढ्यावर तुम्ही सुटत नाही. या सगळ्याच्या मुळाशी तुम्हीच आहात.

कागद साधाच होता, जनरल मुखत्यारनामा. आईने माझ्या नावे करून द्यायचा. नांदेडचं घर, बँक, लाइटचं कनेक्शन, सगळं तिच्या वतीने मी बघणार, गरज पडली तर घर विकणार, आणि माझी सही ती तिचीच सही समजली जावी. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. दिवाळीच्या आधी न्हाणीत पाय घसरून पडली. शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा कळलं, तोवर तासभर तशीच भिंतीला टेकून बसली होती. हाड मोडलं नाही, पण माझा धीर सुटला. लातूरहून एसटीने यायचं म्हणजे तीन तास, आणि ते तीन तास मी डोळ्यांसमोर काय काय बघत आले ते माझं मला माहीत. तिथेच ठरवलं, आता बास. तिला लातूरला आणायचं, माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर. हे घर भाड्याने द्यायचं, नाहीतर विकायचं. तुम्ही माझ्या जागी असता तर नेमकं हेच केलं असतंत. माझी अडचण तिथेच आहे.

तुमची वकिली मला आजही अशी दिसते: पुढची खोली, भिंतीला लागून लाकडी बाक, बाकावर हदगावची, अर्धापूरची माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली. तुम्ही कपाळाला विभूती लावून आतून येता आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणता, "तुम्ही काही बोलू नका. मी कशाला हाय?" तो माणूस दोन बस बदलून आपलं गाऱ्हाणं सांगायला आलेला असतो. पण तुम्ही कागद बघूनच त्याला त्याचं गाऱ्हाणं सांगायला लागता. तुमचं बरोबर निघायचं, हे मान्य. दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा तो माणूस मान डोलवायचा, कारण एवढ्या मोठ्या वकिलाने सांगितलं म्हणजे आपल्याच शेतात काय झालं ते आपल्यालाच नीट कळलं नसेल असं त्याला वाटायचं.

आणि तुमचा तो खोकला. साक्षीदाराला पिंजऱ्यात चढवण्याआधी तुम्ही त्याला शिकवायचात: एकदा खोकलो तर हो म्हणायचं, दोनदा खोकलो तर आठवत नाही म्हणायचं, लांब खोकलो तर तोंड मिटायचं. मी तुमच्याकडे ज्युनियर म्हणून लागले त्या वर्षी अर्धापूरचा एक केळीवाला साक्षीला होता आणि तुम्हाला खरीखुरी सर्दी झाली होती. समोरच्या वकिलाने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, वडिलांचं नाव काय? तुम्ही दोनदा खोकलात. त्या माणसाने तुमच्याकडे बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला, "आठवत न्हाई साहेब." जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, वकीलसाहेब, तुम्हाला गरम पाणी मागवू का? अख्खं कोर्ट हसलं. बाहेर आल्यावर तुम्ही त्या बिचाऱ्यालाच झापलंत, खोकला कुठला खरा आणि कुठला कामाचा एवढं कळू नये का म्हणून. तो हात जोडून म्हणाला, "चुकलं साहेब." त्याचं काय चुकलं होतं हे मी तुम्हाला तेव्हा विचारलं नाही.

लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षात आम्हाला थोडा रोमन कायदा होता. त्यात एक लॅटिन शब्द आला, प्रोक्युरेटर. दुसऱ्याच्या जागी उभा राहून त्याचं कामकाज बघणारा, त्याच्या वतीने बोलणारा माणूस. मी मोठ्या तोऱ्यात घरी येऊन तुम्हाला तो सांगितला. तुम्ही पूजा आटोपून गळ्यातलं इष्टलिंग पुन्हा वस्त्रात बांधत होता. म्हणालात, "म्हंजे मुखत्यारच की. त्यात रोमला कशाला जायचं? आपल्याकडं निजामाच्या आधीपासून हाय." पण शब्द तुम्हाला आवडला होता. पुढचे कितीतरी दिवस कुणी घरी आलं की तुम्ही तो काढायचात, एकेक अक्षर सुटं करून म्हणायचात, आणि मी गालातल्या गालात हसायचे. तेव्हा मला वाटायचं की शब्द तुम्हाला ऐटीसाठी आवडलाय. आता वाटतं, आपण आयुष्यभर जे करतोय त्याला इतकं जुनं नाव आहे याचंच तुम्हाला बरं वाटलं असेल.

कारण तुमचं हे काम कोर्टात संपत नव्हतं. हॉटेलात गेलो की तुम्हीच सांगायचात, तिला साधा डोसा, हिला इडली. साडीच्या दुकानात गादीवर आई बसायची आणि रंग तुम्ही सांगायचात. मला बघायला आले तेव्हा मुलाच्या मावशीने मला विचारलं, तुला कशाची आवड आहे गं? तुम्ही म्हणालात, तिला वाचनाची आवड आहे. मी म्हटलं, वाचनाची नाही, सायकलची. एवढंच. सगळे गेल्यावर तुम्ही मला पुढच्या खोलीत बोलावून, त्याच बाकावर बसवून सांगितलंत, "पक्षकार मध्येच बोलला की केस जाती. ध्यानात ठेव." मी म्हटलं, अप्पा, ही केस नाहीये. लग्न त्याच मुलाशी झालं आणि चांगलं झालं, त्यामुळे तिथे मला धड तक्रारही करता येत नाही. सनद मिळाली तेव्हा तुम्ही मला भेट म्हणून माझी पहिली केस दिलीत. लाल फितीत बांधलेली फाइल, त्यावर तुमच्या अक्षरात माझं नाव. मी पाच दिवस तयारी केली. तारखेला जज्जसाहेबांनी पुकारा केला, मी उभी राहिले, आणि माझ्यामागून तुमचा आवाज आला. अख्खी केस तुम्ही चालवलीत. मी फाइल धरून उभी. जिंकल्यावर तुम्ही सगळ्यांना पेढे वाटलेत, पोरीची पहिली केस म्हणून.

आता कानाचं. मी बारावीला होते. आईने दोन दिवस अन्न टाकलं होतं, डोक्याला डावीकडून हात दाबून बसायची. तुम्ही कोर्टातून लवकर आलात आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेलात, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी आईला विचारलं, काय होतंय बाई? आणि तुम्ही म्हणालात, डोकं दुखतंय तिचं, चार दिवस झाले, डावीकडून. तुम्ही इतकं व्यवस्थित सांगितलंत, कधी सुरू झालं, कधी वाढतं, की डॉक्टर लिहीतच राहिले. आई समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. गोळ्या मिळाल्या, तिने त्या घेतल्या, आठ दिवसांत दुखायचं थांबलं. घरात तुमचा भाव वधारला. त्यानंतर आई कधी कुठे दुखतंय म्हणाली नाही.

हे घर तिच्या नावावर आहे, ही तुमचीच कृपा. मी तुमच्या जुन्या फायली चाळताना त्याचे कागद सापडले. खरेदीखत तिच्या नावे, आणि त्याच तारखेचा मुखत्यारनामा, तिच्याकडून तुमच्या नावे. म्हणजे सकाळी तिला मालकीण केलंत आणि दुपारी तिची मालकी स्वतःकडे घेतलीत. मला ती दुपार आठवते, मी चौथीत असेन. आई चुलीसमोर भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर कागद ठेवलात, म्हणालात, इथं सही कर. तिने पिठाचा हात पदराला पुसला, विचारलं काहीच नाही, जीभ किंचित बाहेर काढून सावकाश नाव लिहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. कागदाच्या कोपऱ्याला अजून पिठाचा डाग आहे, पिवळट. कायदा सांगतो की मुखत्यारनामा माणसाबरोबर संपतो. तुम्ही गेलात त्या दिवशी तो कागद रद्दी झाला. पण आईला हे कुणी कळवलं नसावं. तुम्ही गेल्यावरही ती म्हणायची, "त्यांना आवडलं नसतं." टीव्ही घेऊ का? त्यांना आवडलं नसतं. मग हळूहळू ते बंद झालं आणि तिचं दुसरं एक वाक्य सुरू झालं: "बघ, तुला काय वाटतं." मला बरं वाटायचं. एक कागदसुद्धा न करता तुमची गादी माझ्याकडे आली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

लातूरला यायचं का, असं मी तिला विचारलं होतं. विचारलं होतं असं मी मंगळवारपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. ती म्हणाली होती, "बघ, तुला काय वाटतं." मी तो होकार धरला. असा होकार मी कोर्टात समोरच्या वकिलाचा पाच मिनिटंही टिकू दिला नसता.

रजिस्ट्री ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. टोकन, कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा. साहेबांच्या खुर्चीत एक तरुण बाई होत्या. त्या पाठ झाल्यासारखं भराभर विचारत होत्या आणि लोक पाठ झाल्यासारखं हो म्हणत होते. आमचा नंबर आला. आई खुर्चीत बसली, तिच्या डाव्या हाताला मी.

"आजी, हा कागद तुम्हाला वाचून दाखवलाय का?"

"दाखवलाय."

"त्यात काय लिहिलंय, माहीत आहे?"

"हाय की. माझं समदं आता ही बघणार."

"तुमची राजीखुशी आहे ना?"

इथे माणसं हो म्हणतात आणि अंगठा पुढे करतात. बाईंचा हात यंत्र सरकवायला निघालासुद्धा होता. आईने यंत्राकडे बघितलं, मग बाईंकडे. मागच्या रांगेत कुणीतरी उसासा टाकला. आणि अप्पा, देवाशपथ सांगते, मी ठरवून काही केलं नाही. माझ्या घशातून खोकला आला. एकदाच.

आईने अख्खी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "खोकू नको," ती म्हणाली, "ऐकू आलं मला." मग बाईंकडे वळून म्हणाली, "न्हाई."

"काय नाही?"

"राजी न्हाई मी. लिहा की तसं. न्हाई म्हणली म्हणून."

मी काहीतरी म्हणायला गेले, की वय झालंय, घाबरलीये, दोन मिनिटं द्या. बाईंनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही स्वतः वकील आहात ना? मग पक्षकाराला आधी विचारून आणायचं." त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढचं टोकन पुकारलं.

बाहेर स्टॅम्पवाल्याच्या शेडमध्ये बाक होतं. चहा घेतला आणि मी सुरू झाले. काय काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही, माझीच मला लाज वाटते. घरीच का नाही सांगितलंस? एवढ्या लोकांत माझं नाक कापायची काय गरज होती? तू पडलीस तेव्हा रात्रंदिवस कोण धावलं? आई बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. शेजारी टायपिंग चालू होतं, रस्त्यावरून ट्रक जात होते. मला वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करतेय. चहा संपला तेव्हा तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मघापासून काय बोलून राहिलीस? ह्या अंगाला येऊन बस. त्या कानात काही न्हाई."

मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले. विचारलं, कधीपासून?

"तू बारावीला होतीस न्हाई का."

"तेव्हा डॉक्टरकडे गेलो होतो आपण. अप्पांनी डोकं सांगितलं."

"हाव. त्यांला वाटलं डोकं."

"अगं मग तू सांगायचंस ना, कान म्हणून."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच खुळी आहे. "ते बोलून राहिले होते की. दोघांनी कसं बोलावं?"

पस्तीस वर्षं, अप्पा. पस्तीस वर्षं ती एका कानावर संसार करत होती. लग्नाकार्यात, देवळात, रस्त्याने चालताना ती कायम तुमच्या डाव्या हाताला असायची. बायका कौतुक करायच्या, बघा, कशी रीत पाळते. रीत कसली, ती तुमचा आवाज चांगल्या कानाच्या बाजूला घेत होती. मला भर रस्त्यात ओरडावंसं वाटलं. मी विचारलं, अप्पांना कधीच कळलं नाही?

"कळलं की. वर्षाच्या आत कळलं. मागून कुणी आलं की दचकायची मी, एकदा हातातलं पातेलंच सांडलं. म्हणून तर खोकायचे."

मला वाटायचं, तुम्ही कोर्टातली सवय घरी आणलीत. फाटकाशी एकदा, पडवीत एकदा, स्वयंपाकघराच्या दाराशी एकदा. मी त्या खोकल्याला घाबरून पुस्तक उघडायचे. मला वाटायचं, मालक आला, सावध व्हा, अशी ती दवंडी आहे. आणि तुम्ही तिला दचकवू नये म्हणून खोकत होता. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच क्षणी माझं डोकं दुप्पट फिरलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चुकीचा आजार सांगितला हे तुम्हाला कळलं होतं. मग तिला पुन्हा डॉक्टरकडे नेऊन, साहेब, माझं चुकलं, हिला बोलू द्या, एवढं म्हणायला काय झालं होतं? ते एक वाक्य सोपं होतं. त्यापेक्षा जन्मभर दिवसातून वीस वेळा खोकणं तुम्हाला परवडलं. तुमच्या प्रेमापुढे हात टेकावेत असं मला झालंय. आहे हेही खरं, आणि कुणाच्या उपयोगाचं नाही हेही खरं.

मग मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं. लातूरला का नाही यायचं? तिने बराच वेळ घेतला. मी खोकले नाही, मांडीला चिमटा घेऊन बसले. ती म्हणाली, "तुझ्या घरी गेलं की तू स्वयंपाकवालीला सांगतीस, आईला तिखट चालत न्हाई. मला चालतं. त्यांला चालत नव्हतं." मग म्हणाली, "हितं भाजीवाली मला इचारती, आजी, काय देऊ. बँकेतला पोरगा मला इचारतो. ते गेल्यावर पहिले दोन वर्षं काय बोलावं ते सुधरत नव्हतं मला. भाजीवालीपुढं उभी ऱ्हायची आन् घरी यायची तशीच. आता कुठं जमून राहिलंय. आन् तू म्हणतीस सही कर."

ती पुन्हा पडली तर काय, हे मी बोलले. ती म्हणाली, पडले तर पडले, न्हाणीत दांडी बसव धरायला, घसरत नाही अशी फरशी टाक. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी थेट घर विकायलाच निघाले होते. दांडी परवा बसली. फरशीवाला आला तेव्हा रंग मी सांगायला लागले होते. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं.

काल तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे आजी? मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिला सुरुवात सापडायला वेळ लागला, वर्षं मागेपुढे झाली, मध्येच उदगीरच्या माहेरची कुठली तरी जत्रा आली. मी ओठ चावून बसले. सगळं तिने सांगितलं, तिच्या पद्धतीने, पातेल्यासकट. डॉक्टर म्हणाले, पडदा कधीच गेलाय, वेळेवर दाखवलं असतं तर वाचला असता. मी तुमच्या वतीने मान खाली घातली. यंत्र लावून बघायचं का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, विचार करून सांगते. रिक्षात बसल्यावर मी माझं मत द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

हे मी नांदेडच्या पडवीत बसून लिहितेय. दुपार आहे, आई समोर सुपात शेंगा फोडतेय, चटणी करायचीय, चांगली झणझणीत. मघाशी तिने विचारलं, "काय लिहून राहिलीस?" मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हटलं, अप्पांना पत्र. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी विचारलं, तुझ्यातर्फे काही लिहू? तिने फोडलेल्या शेंगेतले दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. "माझं कशाला तू लिहितीस? माझं मी सांगीन की, भेटल्यावर."

पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. ते त्या न झालेल्या मुखत्यारनाम्याबरोबर, तुमच्या त्या पिठाचा डाग पडलेल्या कागदावर ठेवून फाइल बांधून टाकते. फक्त एक कबूल करायचं राहिलं. वर कानाचं लिहून झाल्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की आईने तुम्हाला कधीच माफ केलंय, तुम्ही काळजी करू नका. त्या आत्ता खोडल्या. तिला विचारलं नव्हतं.